डेडलिफ्टमधील कुंठितावस्था : कारणमीमांसा व उपाय

जमिनीवर ठेवलेला भारयुक्त दांडा दोन्ही हातांनी धरून, गुडघे व कंबर पूर्ण सरळ होईपर्यंत उचलणे या क्रियेस डेडलिफ्ट म्हणतात. आरंभीच्या काही महिन्यांत उचलला जाणारा भार जवळजवळ दर आठवड्यास वाढतो. पुढे मात्र मेहनत तीच राहूनही वाढ थांबते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड वा घाटकोपर येथील व्यायामशाळांत नियमाने जाणाऱ्या तरुणांस ही कुंठितावस्था अपरिचित नाही. तिचे कारण न शोधता केवळ हट्टाने भार वाढविल्यास कंबरेस इजा होण्याचा संभव असतो. म्हणून या प्रश्नाचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, बलवृद्धीचा वेग मंदावणे हा दोष नसून निसर्गक्रम आहे. मोरितानी व डीव्ह्रीज यांनी १९७९ साली दाखवून दिले की, पहिल्या काही आठवड्यांतील वाढ मुख्यतः मज्जासंस्थेच्या शिक्षणाने होते. स्नायू फारसा न वाढताही त्यातील अधिक तंतू एकाच वेळी कामास लागतात. हा लाभ संपत आल्यावर पुढील वाढ स्नायूंच्या आकारवृद्धीवर अवलंबून राहते, आणि ती स्वभावतःच मंद असते.

येथे तालमीच्या परंपरेतील एक समजूत तपासून पाहणे योग्य होईल. जोर व बैठका यांची संख्या वाढवीत नेली म्हणजे दमसास वाढतो. परंतु एकदाच उचलावयाच्या कमाल भाराची शक्ती त्याच प्रमाणात वाढत नाही. डेडलिफ्टमध्ये केवळ आवर्तने वाढविणाऱ्यास बहुधा हाच अनुभव येतो. ज्या गुणाची वृद्धी हवी, त्याच गुणावर ताण पडला पाहिजे.

ताणाइतकेच महत्त्व विश्रांतीस आहे. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली मांडलेल्या उपपत्तीनुसार शरीर ताणाचा प्रथम प्रतिकार करते, परंतु ताण अखंड राहिल्यास अखेरीस थकते. बोरिवलीहून चर्चगेटचे अंतर सुमारे ३४ किलोमीटर आहे. गर्दीच्या लोकलने रोज जा-ये करून रात्री व्यायामशाळेत जाणाऱ्या नोकरदाराच्या बाबतीत प्रवासाचा शीण व अपुरी झोप यांचाही हिशेब त्याच खात्यात मांडावा लागतो. आहाराचेही तसेच आहे. बलवृद्धीसाठी शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसास सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने उपयुक्त ठरतात, असे २०१८ सालच्या एका संकलित अभ्यासात आढळले. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस ही गरज सुमारे ९६ ग्रॅम होते. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅमच प्रथिने असतात; तेव्हा केवळ वरण-भातावर ती भागणे कठीण. दूध, दही, कडधान्ये वा अंडी यांची जोड आवश्यक ठरते.

तिसरे कारण यांत्रिक आहे. १५० किलो भाराचे वजन सुमारे १,४७० न्यूटन असते. दांडा पायांपासून ५ सेंटिमीटर जरी पुढे सरकला, तरी कंबरेवरील परिबल सुमारे ७४ न्यूटन-मीटरने वाढते. म्हणजे शक्ती तेवढीच असूनही काम अधिक कठीण होते. तसेच मोठ्या प्रमाणित चकत्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर असल्याने दांडा जमिनीपासून २२.५ सेंटिमीटर उंच राहतो. लहान व्यासाच्या चकत्या वापरल्यास उचल अधिक खालून सुरू होते. अशा दोन उचलींची तुलना करणे युक्त नव्हे.

मुंबईच्या पावसाळ्यात आणखी एक कारण संभवते. दमट हवेत तळहाताचा घाम सुकत नाही, आणि पाठ व मांड्या समर्थ असूनही पकड सुटते. ही बलाची कुंठितावस्था नव्हे. मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड व पकडीचा स्वतंत्र सराव हा तिचा उपाय होय. मनगटाचे पट्टे सरावात साहाय्य करतात, परंतु पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धेत ते निषिद्ध आहेत.

या विवेचनावरून उपायांचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम एक आठवडा कामाचे प्रमाण निम्म्यावर आणावे. त्यानंतर भार सहज उचलला गेल्यास कारण थकवा होते असे समजावे. तसे न झाल्यास उचल कोठे अडते ते पाहावे. जमिनीपाशीच अडत असल्यास कमी उंचीच्या फळीवर उभे राहून हलक्या भाराने सराव करावा. गुडघ्यापाशी अडत असल्यास तेथे क्षणभर थांबून उचलण्याचा सराव हितावह असतो. त्यानंतर एकाच आठवड्यात एक दिवस जड भार व थोडी आवर्तने, आणि दुसऱ्या दिवशी मध्यम भार व अधिक आवर्तने अशी योजना करावी. भार एका वेळी २.५ किलोंहून अधिक वाढवू नये. एका वेळी एकच बदल करून त्याची नोंद ठेवावी. अन्यथा गुण कशाने आला हे कळत नाही. पाठीत कळ येत असल्यास किंवा पायात मुंग्या येत असल्यास सराव थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा.

एडी हॉल यांनी २०१६ साली लीड्स येथे पट्ट्यांच्या साहाय्याने ५०० किलो भार उचलला. हाफथोर ब्यर्नसन यांनी २०२० साली ५०१ किलो उचलला, म्हणजे तो उच्चांक एका किलोने पुढे जाण्यास सुमारे चार वर्षे लागली. सामर्थ्याची सीमा जसजशी जवळ येते, तसतसे प्रत्येक किलोचे मोल वाढते. सामान्य साधक त्या सीमेपासून पुष्कळ दूर असतो. त्याची वाट बहुधा शोधता येण्याजोग्या कारणानेच अडलेली असते.