आईने दूर लोटलेले करडू



सातपुड्यातील धडगाव भागात पावरा आणि भिल्ल कुटुंबांना भेटताना एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: "ताई, शेळी पिल्लाला जवळ घेत नाही. काय करू?" या घरांत शेळी म्हणजे अडीअडचणीची पुंजी. आजारपण, बियाणे, मुलांची वह्या-पुस्तके तिच्यावर भागतात. म्हणून एकेका करडाचे मोल मोठे.

शेळी पिल्लाला का झिडकारते? पहिल्यांदा व्यालेली शेळी बावरते. दोन-तीन पिल्ले झाली की एखादे मागे पडते. कास दुखत असली तरी ती पाजू देत नाही. म्हणून आधी कास पाहावी. गरम व कडक लागली, तर दगडी रोग समजून पशुवैद्यांना बोलवावे.

जन्मलेल्या करडाच्या अंगात रोगाशी लढण्याची शक्ती जवळजवळ नसते. ती चिकातून मिळते, आणि एक दिवस उलटला की आतडी ती शोषू शकत नाहीत. म्हणून पहिल्या एक-दोन तासांतच चीक पोटात जावा. आईचा मिळाला नाही, तर नुकत्याच व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा, तोही नसेल तर गाईचा चालतो. चीक चुलीवर ठेवू नये, त्याचा खरवस होतो! भांडे गरम पाण्यात ठेवून कोमट करावा.

पाजण्याआधी करडाच्या तोंडात बोट घालावे. तोंड गार लागले, तर आधी त्याला पुसून, गोणपाटात गुंडाळून ऊब द्यावी. ते बोट चोखू लागले की बाटली द्यावी. करडू उभे असावे, मान थोडी वर. उताणे धरून किंवा जबरदस्तीने ओतल्यास दूध फुप्फुसात जाते. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात साधारण 200 मिली चीक चार-पाच वेळा विभागून द्यावा. बाटली व निपल दर वेळी गरम पाण्याने धुवावे.

आईचा नादही सोडू नये. तिचे दूध करडाच्या अंगाला चोळून, तिला धरून, दिवसातून अनेकदा पाजून पाहावे. काही शेळ्या दोन-तीन दिवसांत पिल्लाला स्वीकारतात. नाहीच स्वीकारले, तर बाटली चालू ठेवावी. दोन आठवड्यांनी करडू कोवळा पाला कुरतडू लागते. तीन महिन्यांनी दूध तोडता येते.

गरीब कुटुंबाला शेळी देण्यासाठी आपल्यापैकी अनेकजण मदत करतात. त्या शेळीबरोबर एक बाटली आणि एवढी माहितीही घरात पोहोचली, तर पुढचे करडू हातचे जाणार नाही.