तळ्याकाठी भूखंड घेण्यापूर्वी
धारवाडला साधनकेरी तळ्याजवळ कवी द. रा. बेंद्रे यांचे घर होते. अशा जागेचा मोह आजही स्वाभाविक आहे. मात्र हुबळी-धारवाडमध्ये तळ्याकाठी घर बांधणाऱ्याने काठाआधी नाला पाहावा. उणकल तळ्याचे जादा पाणी नाल्याने हुबळी शहरातूनच वाहते. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा नाला पावसाळ्यात आपली वाट परत मागतो.

तळ्यापासून किती जागा सोडायची? अनेकदा ऐकू येणारा ७५ मीटरांचा आकडा राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये बंगळुरूसाठी दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१९ मध्ये रद्द केला. तेव्हा ऐकीव आकड्यावर न विसंबता नगरविकास प्राधिकरणाकडून लेखी उत्तर घ्यावे आणि इसारा देण्यापूर्वीच सरकारी मोजणी करून हद्द नकाशाशी ताडावी. उताऱ्यावर नाव लागले म्हणजे बांधकाम परवाना मिळेलच, असे नाही.