शेवटच्या सफेतले चाचा

इशाची अजान झाली की मशिदीतल्या सफा भरू लागतात. रमजानमध्ये इशानंतर तरावीह असते. बहुतेक ठिकाणी वीस रकात, म्हणजे तासाहून अधिक वेळ उभे राहणे आले. एरवी इमामसाहेबांच्या मागे पहिल्या सफेत असणारे एखादे सत्तरीचे चाचा अशा वेळी शेवटच्या सफेत, वजूखान्याच्या दाराजवळ दिसतात. चार रकात झाल्या की हळूच बाहेर जातात, वजू करून परत येतात. काही दिवसांनी ते येईनासे होतात. घरी सांगतात, गुडघे दुखतात. दुखणे गुडघ्याचे नसते.

असेच आजोबा कीर्तनालाही दाराशी बसतात, लांबचा एसटी प्रवास टाळतात आणि लग्नघरी पोहोचताच आधी मोरी कुठे आहे ते पाहून ठेवतात. दोघांचे दुखणे एकच आणि ते लपवण्याची सवयही एकच.

प्रोस्टेट ही पुरुषांच्या शरीरातली ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रनलिकेला वेढून असते. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, साधारण २० ग्रॅमची असते. वयाबरोबर ती वाढत जाते. साठीपर्यंत सुमारे निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीच्या पुढे दहातल्या आठांहून अधिक जणांत ही वाढ आढळते, मात्र प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही. नळी दाबली गेली की धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, शेवटी थेंब गळतात, पोट मोकळे झाल्यासारखे वाटत नाही आणि रात्रीतून तीन-चारदा उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पण दोन्हींची लक्षणे सारखी असू शकतात, म्हणून तपासणी हवीच. मधुमेहातही लघवी वारंवार होते, तेव्हा साखरही पाहून घ्यावी.

रमजानमध्ये बहुतेक जण यावर एकच उपाय करतात: पाणी तोडतात. हा उपाय उलटतो. लघवी घट्ट झाली की मूत्राशयाची जळजळ वाढते, संसर्गाला आणि मुतखड्याला वाव मिळतो. पाणी कमी करण्यापेक्षा ते वाटून प्यावे. इफ्तारपासून थोडे थोडे घ्यावे, जमातीला निघण्याच्या तोंडावर तांब्याभर पिऊ नये. इफ्तारनंतरचे चहाचे कप कमी करावेत. भजी-समोशांबरोबर फळे आणि भाज्याही ताटात असाव्यात, कारण बद्धकोष्ठतेने त्रास वाढतो. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडकू शकते. दुकानातून परस्पर आणलेली गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

औषधांचीही सोय आहे. टॅमसुलोसिनसारखी गोळी नळीभोवतीचे स्नायू सैल करते. ती बहुधा दिवसातून एकदाच, जेवणानंतर घ्यायची असते, त्यामुळे रोजा तिच्या आड येत नाही. मात्र तिने रक्तदाब उतरून उठताना चक्कर येऊ शकते, म्हणून सजद्यातून सावकाश उठावे. फिनास्टराइडसारखी औषधे ग्रंथी लहान करतात, पण त्यांना काही महिने लागतात. रोज्याच्या नावाखाली गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे. औषधाने भागले नाही तर दुर्बिणीने किंवा लेझरने, पोट न कापता शस्त्रक्रिया होते.

लघवी पूर्ण अडली आणि ओटीपोट फुगून दुखू लागले, लघवीतून रक्त आले किंवा थंडीताप भरला तर मगरिबची वाट पाहायची नसते. ताबडतोब रुग्णालय गाठावे. सूरह बकरामध्ये रोज्याच्या हुकुमाबरोबरच आजाऱ्याला सवलत दिली आहे. सुटलेले रोजे नंतर पुरे करता येतात, आणि ज्याला ते कधीच शक्य नाही त्याच्यासाठी फिदिया आहे.

थेंब गळण्याने नमाज होईल का, हा प्रश्न अनेकांना आतून खातो. हनफी फिकहनुसार ज्याला वजू करून फर्ज नमाज पढण्याइतकीही सवड मिळत नाही, इतके थेंब सतत येतात, तो माजूर ठरतो. त्याने प्रत्येक नमाजेच्या वेळेसाठी एकदा वजू करावा. ती वेळ संपेपर्यंत त्या थेंबांनी वजू तुटत नाही, म्हणजे इशाच्या वेळेत केलेला वजू तरावीहलाही चालतो. आपण या हुकुमात बसतो का, हे मौलानांना विचारावे. हा प्रश्न त्यांना नवा नसतो. उभे राहवत नसेल तर बसून पढता येते, आणि तरावीह घरीही होते.

डॉक्टरांकडे तोडगा आहे, शरीअतमध्ये सवलत आहे. अडते ते फक्त सांगण्यापाशी. मुलासमोर हे बोलायचे कसे, म्हणून बाप गप्प राहतो आणि बापाला विचारायचे कसे, म्हणून मुलगा. ईदच्या सकाळी ईदगाहला बरोबर जायचे असेल तर आज इफ्तारनंतर मुलानेच विचारावे, 'अब्बा, रात्री किती वेळा उठावं लागतं?'