बर्फाच्या पोटांतील कच्चा थर

हिंवाळ्यांत गुलमर्गला जाणाऱ्या मराठी प्रवाशाला समोरच्या अफरवत पर्वताची शुभ्र उतरण एकसंध भासते. वस्तुतः तो बर्फ एका दिवसाचा नसतो. प्रत्येक हिमवृष्टीचा एकेक थर खालच्या थरावर बसत जातो. आणि हिमस्खलनाचा धोका केवळ वरच्या थराच्या जाडीवर अवलंबून नसून, बहुधा खालच्या एखाद्या थराच्या कच्चेपणांत दडलेला असतो.

हा कच्चेपणा उत्पन्न होतो तो निरभ्र, शांत दिवसांत. बर्फाची दुलई जमिनीची ऊब राखते, त्यामुळें तळाशीं उष्णतामान शून्य अंशाच्या आसपास असतें. आरंभीं हिमवृष्टि थोडी होऊन पुढें आकाश मोकळें राहिलें, तर रात्रीं बर्फाचा पृष्ठभाग शून्याखालीं पंधरा-वीस अंशांपर्यंत उतरूं शकतो. मध्यें अंतर मात्र दोन-तीन वितींचें! तळच्या बर्फाची वाफ वर चढते आणि वरच्या कणांवर पुन्हा गोठते. अशा रीतीनें तयार होणारे स्फटिक टपोरे व कंगोरेदार, खडीसाखरेच्या बारीक चुऱ्यासारखे असतात. त्यांचा मुठींत लाडू वळूं पाहावा, तर तो वळत नाहीं. कारण कणाला कण धरून राहत नाहीं. काश्मीरांत २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलान’ म्हणजे कडाक्याच्या थंडीचा काळ मानतात. त्या दिवसांत हिमवृष्टि लांबली, तर हा रवाळ थर निर्वेधपणें वाढतो.

मग वादळ येतें. वारा नवा बर्फ पर्वताच्या आडोशाच्या अंगाला नेऊन दाबून बसवितो व त्याची घट्ट लादी बनते. अशी लादी सुटण्यास ३० ते ४५ अंशांचा उतार पुरेसा असतो. घरांतील जिना साधारणपणें याच उताराचा असतो. स्की बांधलेला मनुष्य वर येतांच खालचा थर एका ठिकाणीं खचतो, कधीं ‘धप्प’ असा आवाज होतो, आणि ती फूट क्षणांत उतारभर पसरून सगळी लादी निसटते. सह्याद्रीच्या घाटांत दरड वाटसरूच्या अंगावर येते. येथें बहुतेक प्राणघातक प्रसंगीं वाटसरू किंवा त्याचा सोबतीच ती दरड सोडवितो. म्हणून ‘निसर्गाचा कोप’ हें वर्तमानपत्री विशेषण येथें अर्धेंच खरें होय.

खिलनमर्गजवळ ८ फेब्रुवारी २०१० रोजीं लष्कराच्या प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनांत सांपडून अनेक जवान मृत्यु पावले. १ फेब्रुवारी २०२३ रोजीं अफरवतच्या अंगावरच दोन पोलिश स्कीपटू दगावले. २००५ पासून गोंडोला थेट त्या उंचीवर पोंचवीत असल्यानें, पूर्वी जेथें दमछाक करून जावें लागे तेथें आतां तिकीट काढून जातां येतें. गुलमर्गच्या सपाट मैदानांत बर्फाचे गोळे खेळणाऱ्या कुटुंबानें याची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. आंखलेला मार्ग सोडून कोऱ्या उतारावर शिरणाऱ्यानें मात्र अवश्य घ्यावी.

युरोपांत १९९३ पासून हा धोका पांच पायऱ्यांनीं मोजतात. तेथील अनुभव असा कीं, पुष्कळसे बळी वरच्या दोन पायऱ्यांच्या दिवशीं जात नाहींत, कारण त्या दिवशीं लोक घरींच बसतात. ते जातात तिसऱ्या पायरीच्या, बहुधा ऊन पडलेल्या मोहक दिवशीं.

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत काढल्यास दहांपैकीं सुमारें नऊ जण वांचतात. अर्धा तास उलटल्यावर तिघांतून एखादाच. एवढ्या वेळांत खालच्या गांवाहून मदत येणें कठीण, म्हणून सोडविणारे सोबतीच असावे लागतात. प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारें-घेणारें छोटें बिनतारी यंत्र आणि पाठीवर लांब सळई व फावडें लागतें. यांतील एक वस्तु नसली तर उरलेल्या दोहोंचा फारसा उपयोग होत नाहीं. संशयास्पद उतारावर जाणते लोक एका वेळीं एकालाच सोडतात. तो पलीकडे पोंचेपर्यंत बाकीचे सुरक्षित कडेला उभे राहून त्याच्यावरून दृष्टि हलवीत नाहींत. कारण तो शेवटीं कोठें दिसला, यावरच पुढचा शोध अवलंबून असतो.