परदेशी छापाचा लौकिक आणि आपला बाजार

फवारणीचा पंप असो वा विहिरीवरचें इंजिन असो, विकत घेतांना शेतकरी प्रथम छाप पाहतो. दुसऱ्याच्या छापावर आपला माल खपविणें ही फसवणूक होय, हें कोणासहि पटेल. परंतु ज्या परदेशी कारखान्याचें येथें दुकान नाहीं, त्याचें नांव येथील कोणीं आपल्या मालास दिलें, तर त्यास अटकाव करतां येतो काय? हल्लीं शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या गूळ, बेदाणा, हळद स्वतःच्या छापानें विकूं लागल्या आहेत. तेव्हां हा प्रश्न आपणांसहि परका राहिलेला नाहीं.

‘व्हर्लपूल’ हें अमेरिकेंतील धुलाईयंत्राचें नांव. त्या कंपनीनें तें १९५६-५७ च्या सुमारास भारतांत नोंदविलें होतें. परंतु मुदतींत नोंद नवी न केल्यामुळें १९७७ सालीं ती गेली. पुढें १९८६ सालीं येथील एका ट्रस्टच्या विश्वस्तांनीं तेंच नांव मागितलें आणि १९९२ मध्यें त्यांस तें मिळालेंहि. महसुली दप्तरांत हयात घालविलेल्या माझ्यासारख्यास वाटावें कीं, प्रकरण येथेंच निकालीं निघालें. ज्याचें नांव कागदावर त्याचा हक्क! परंतु दिल्ली उच्च न्यायालयानें १९९४ सालीं त्या विश्वस्तांस मनाई केली, व सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं ती कायम ठेविली. अमेरिकन वकिलातीस कांहीं यंत्रें विकलीं गेलीं होतीं, आणि कंपनीच्या जाहिराती असलेलीं परदेशी मासिकें येथें वाचलीं जात होतीं. तेवढ्यावरून तिचा लौकिक सीमा ओलांडून आला आहे असें ठरलें. उतारा एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची, अशांतलाच हा प्रकार. मात्र ही वहिवाट जमिनीवर नव्हे, गिऱ्हाइकाच्या मनांत होती.

तथापि परदेशी नांवास नेहमींच असें यश येतें असें नाहीं. २००४ सालीं डोळ्यांच्या एका औषधाच्या वादांत सर्वोच्च न्यायालयानें, जगांत तें नांव प्रथम कोणीं वापरलें हें पाहावें, असें म्हटलें; पण ज्यांस या देशांत कधीं यावयाचेंच नाहीं अशा बड्या कंपन्यांनीं देशी कारखानदाराचा गळा दाबूं नये, असेंहि त्यास जोडून बजावलें.

याहून बोधप्रद खटला ‘प्रियस’ मोटारीचा. टोयोटा कंपनीनें ही मोटार १९९७ सालीं जपानांत विक्रीस काढली. दिल्लीचा एक कारखाना २००१ पासून मोटारींच्या सुट्या वस्तूंवर तेंच नांव घालीत असे, आणि २००२ मध्यें त्यानें तें नोंदवूनहि घेतलें. आपण हें काम देशांत प्रथम केलें, तो आपला ‘पहला प्रयास’, त्यावरून ‘प्रियस’ असा शब्द सुचला, असा त्याचा खुलासा! खुलासा कोणास पटो वा न पटो, निकाल त्यावर अवलंबून नव्हता. २००१ सालीं येथील लोकांस ती मोटार ठाऊक होती काय, हा खरा मुद्दा होता. त्या काळीं येथें इंटरनेट थोड्यांच्याच घरीं होतें; वर्तमानपत्रांतील बातम्याहि मोजक्याच. शिवाय टोयोटानें दावा लावला तो २००९ सालीं. सर्वोच्च न्यायालयानें १४ डिसेंबर २०१७ रोजीं ठरविलें कीं, जगभरचा लौकिक पुरेसा नाहीं. तो या देशांत, त्या वेळीं होता हें सिद्ध झालें पाहिजे.

मला हा दुसरा निकाल अधिक सरळ वाटतो. साताऱ्यांतील एखाद्याची पत कितीहि मोठी असो, ती नाशिकच्या पेढीवर कोणास ठाऊकच नसेल तर तेथें तिच्यावर उधारी मिळणार नाहीं.

मात्र यावरून कोणी परदेशी नांव उचलण्यास सोकावेल, तर त्यानें दोन गोष्टी ध्यानांत घ्याव्या. १९९९ च्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें, छाप सुप्रसिद्ध ठरण्यास तो भारतांत वापरलेला वा नोंदलेला असलाच पाहिजे असें नाहीं. जाहिरातीनें येथें झालेली ओळखहि जमेस धरतात. आणि २००१ सालचा अडाणी बाजार आतां उरलेला नाहीं. परदेशांत आज निघालेल्या वस्तूचें नांव उद्यां खेड्यांतील मुलाच्या हातांतल्या मोबाइलवर दिसतें. तेव्हां उत्पादक कंपनीनें छाप ठरवितांना येथील नोंदवही तपासावीच, शिवाय तें नांव परदेशांतील कोणत्या मालावर आहे हेंहि पाहून घ्यावें. आपली नोंद दहा वर्षांची असते. ती नवी करण्याची तारीख कंपनीच्या वहींत ठळक लिहून ठेवावी.