नव्या माशाचं पोट फुगलं तर...

घरात फिश टँक आला की पहिले चार दिवस सगळं घर काचेला नाक लावून बसतं. पाचव्या-सहाव्या दिवशी कोणाच्या तरी लक्षात येतं, 'अगं, हा मासा केवढा फुगलाय बघ!' मग कोणी म्हणतं पाणी बाधलं, कोणी म्हणतं दृष्ट लागली, आणि दुकानदार फोनवर सांगतो, "निळं औषध टाका, नाहीतर एक कॅप्सूल फोडून टाका." पोट का फुगलंय हे मात्र कोणीच बघत नाही.

माझ्याकडे बारा वर्षं टँक आहे. मी कला शाखेची पदवीधर, विज्ञान दहावीलाच सुटलं. पण मत्स्यविज्ञान शिकवून निवृत्त झालेले एक काका आमच्या ओळखीचे आहेत, त्यांना प्रश्न विचारून विचारून बरंच शिकले. त्या शिकण्याचा कस लागला तो गेल्या वर्षी, आमच्या वस्तीतल्या बचत गटात.

गटातल्या सहा जणींनी शोभेचे मासे विकायचं ठरवलं. पापड-लोणच्यात आता फार गर्दी झाली, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. समाजमंदिराच्या मागच्या खोलीत टाक्या मांडल्या, 30 मॉली आणि 12 गोल्डफिश आणले. पाचव्या दिवशी सकाळी सातला फोन. "ताई, सात-आठ मासे ढोल झालेत. सगळ्या टाक्यांत औषध टाकू का?" सहा जणींची बचत पाण्यात, तीही अक्षरशः! म्हटलं, "काही टाकू नका. खायलासुद्धा नाही. मी येते."

फुगलेला मासा आपण समोरून, काचेतून बघतो. तो वरून बघायचा. वरून बघितलं की पहिली गोष्ट कळते ती खवल्यांची. खवले अंगाला चिकटून, गुळगुळीत आहेत ना? मासा पोहतोय, खायला धावतोय ना? मग घाबरायचं कारण कमी. पोट एकाच बाजूला आलं असेल तर गाठ किंवा अंडी असू शकतात. खवले सीताफळासारखे उभे राहिले असतील, तर मात्र आजार गंभीर आहे.

त्या दिवशी पाच गोल्डफिश नुसते गोल गरगरीत झाले होते. खवले नीट होते. एक-दोघं पाण्यावर तरंगत होते, खाली जायला धडपडत होते. मी विचारलं, "खायला कोण घालतं?" तर सहाही जणी! ज्या त्या बाईने खोलीत आलं की प्रेमाने एकेक चिमूट टाकायची. दिवसाला सहा चिमटी, वर एका मावशींचा पोळीचा कुस्करा.

आपल्या दुकानांत येणारे बरेचसे मासे चेन्नईजवळच्या कोळत्तूरकडचे, नाहीतर बंगालमधले. प्लास्टिकच्या पिशवीत प्राणवायू भरून त्यांचा प्रवास होतो आणि पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून त्याआधी त्यांना उपाशी ठेवतात. म्हणजे पाहुणा येतो तोच दोन-तीन दिवसांच्या उपासाने, आणि आपण त्याच्यापुढे मेजवानी मांडतो. त्यात गोल्डफिशला जठरच नसतं, खाल्लेलं थेट आतड्यात जातं. पोट तुंबलं की ते शेजारच्या हवेच्या पिशवीवर दाबतं, आणि माशाचा तोल जातो. ओरांडासारख्या आखूड, गोल अंगाच्या जातींना हा त्रास जास्त.

उपाय साधा. दोन-तीन दिवस कडकडीत उपास. "मुक्या जिवाला उपाशी ठेवायचं?" असं एका मावशींनी विचारलंच. म्हटलं, "तुमची एकादशी त्यालाही एकदा घडू दे." नंतर मटाराचा दाणा मीठ न घालता मऊ उकडायचा, साल काढायचं आणि आतल्या गराचा अगदी कणभर तुकडा प्रत्येकाला. उरलेलं लगेच बाहेर काढायचं. बेटा म्हणजे फायटर मासा मांसाहारी, त्याला मटार फारसा मानवत नाही. त्याला उपासच बरा.

बरोबरीने पाणी. नव्या टाकीत घाण पचवणारे उपयोगी जीवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांपासून अमोनिया साठत जातो. म्हणून रोज पाव टाकी पाणी काढायचं आणि क्लोरीन घालवलेलं, तितक्याच कोमट-गार तापमानाचं पाणी घालायचं. कॅप्सूल टाकली असती तर हे उपयोगी जीवाणूही गेले असते.

आता मॉली. दोन मॉलींची पोटं चौकोनी वाटावीत इतकी आली होती. मी बघितलं आणि हसूच आलं. "बायांनो, या आजारी नाहीत, दिवस गेलेत त्यांना!" मॉली, गपी, प्लॅटी हे मासे अंडी घालत नाहीत, पिल्लांना जन्म देतात. साधारण महिनाभर पोट वाढत जातं. फिक्या रंगाच्या मादीत शेपटीकडच्या बाजूला पोटावर गडद डाग दिसतो. काळ्या मॉलीत तो दिसत नाही, तिथे आकारावरूनच ओळखायचं. टाकीत नर नाही म्हणून ही शक्यता सोडू नका. एकदा नराजवळ राहिलेली मादी पुढे कित्येक महिने पिल्लं देऊ शकते. त्या दोघींना दाट वनस्पतींच्या वेगळ्या टाकीत हलवलं, कारण मोठे मासे पिल्लं खातात. पुढच्या दहा-बारा दिवसांत चाळीसेक पिल्लं झाली, आणि गटाचा चेहराच पालटला.

राहिला एक नारिंगी गोल्डफिश. तळाला कोपऱ्यात, डोळे बाहेर आलेले, खवले उभे. हा जलोदर. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत आत शिरत असतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकत असतात. ती थकली की पाणी अंगातच साठतं. बहुतेक वेळा मागे जीवाणूंचा संसर्ग असतो. हे जीवाणू एरवीही पाण्यात असतात, प्रवासाने खचलेल्या माशावर त्यांचं फावतं. त्याला वेगळ्या टबात ठेवलं, एअर पंप लावला, 20 लिटर पाण्याला एक सपाट चहाचा चमचा एप्सम सॉल्ट आधी विरघळवून घातलं. हे औषधांच्या दुकानात मिळतं, स्वयंपाकाचं मीठ नव्हे. अंगातलं पाणी ओढायला त्याची मदत होते. अँटिबायोटिक द्यायचंच तर माशांची माहिती असलेल्या पशुवैद्याला विचारून, आणि आजारी माशापुरतंच. इतकं करूनही या अवस्थेतले फार थोडे मासे वाचतात. आमचा चौथ्या दिवशी गेला. पोळीचा कुस्करा घालणाऱ्या मावशी हळहळल्या, आपल्यामुळे तर नाही ना, असं दोनदा विचारलं. एकट्या पोळीने जलोदर होत नाही, हे त्यांना समजावून सांगितलं. बाकीचे पाचही आठवडाभरात सडपातळ झाले.

आता गटात नवा मासा आला की तो दोन-तीन आठवडे वेगळ्या टाकीत राहतो. खरेदीला जाताना बायका आधी विचारतात, मासे दुकानात कधी आले? "आज सकाळीच, एकदम ताजे," असं उत्तर आलं की पुढच्या आठवड्यात येतो म्हणून परततात. आणि खायला घालण्याची पाळी ठरली आहे. टाकीशेजारी दोरीला पेन्सिल बांधलेली वही आहे, जिने घातलं तिने सही करायची. मावशींना सही येत नाही, त्या तिथे एक छोटा मासा काढतात.