विजेची उलटी वाट

गोव्यात पेडण्यातल्या खाजन शेताला बांध असतो आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याची मोरी. ओहोटीला मानशीची दारे शेतातले पाणी बाहेर सोडतात, भरतीचा लोट आला की आपोआप मिटतात. पाणी एकाच दिशेने जाणार, हे धरूनच ती बांधलेली असते. गावातली वीजवाहिनीही अशीच एकदिशा आहे. उपकेंद्रातून फीडर निघतो, फीडरवरून ट्रान्सफॉर्मरला आणि तिथून घराघरात वीज येते. छतावर सौरपट्ट्या बसल्या की भर दुपारी घरच उलट वीज पाठवू लागते. सौर प्रकल्पांची जोडणी रखडते, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

घरात 230 व्होल्टच्या आसपास दाबाने वीज येते. ती उलट ढकलायची, तर घराकडचा दाब वाहिनीपेक्षा किंचित चढा लागतो. तार लांब आणि बारीक असेल, दुपारी वापर कमी असेल, तर दाब आणखी चढतो. मर्यादा ओलांडताच इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो आणि लख्ख उन्हात वीज वाया जाते. पावसात झाड पडून वाहिनी तुटली, तरी जाळ्याला जोडलेला साधा इन्व्हर्टर थांबतो. खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव त्यावर अवलंबून असतो.

म्हणूनच जोडणीआधी ट्रान्सफॉर्मरची क्षमता तपासतात. केंद्राच्या 2024 च्या नियमांनी 10 किलोवॉटपर्यंतच्या छतांना या तपासणीतून सूट दिली. त्यापुढच्या अर्जांचा अभ्यास 15 दिवसांत झाला नाही, तर मंजुरी मिळाली असे धरले जाते. नियम चांगला आहे, पण मंजुरीच्या कागदाने तार जाड होत नाही.

मोठ्या प्रकल्पांची अडचण याहून मोठी. सरकारी जमिनींवर 100 मेगावॉट सौरवीज उभारण्याचा करार गोव्याने जानेवारी 2021 मध्ये केला. पट्ट्या काही महिन्यांत बसतात; उच्चदाब वाहिनीला मात्र जमीन, जंगल आणि न्यायालय अशी वर्षांची वाट चालावी लागते. मोले अभयारण्यातून जाणाऱ्या 400 केव्ही वाहिनीचा मार्ग बदलण्याची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल 2021 मध्ये केली. न्यायालयाचा आदेश आला एप्रिल 2022 मध्ये. जंगल राखायलाच हवे. त्यासाठी वाहिनीचा मार्ग प्रकल्पाच्या आधी ठरायला हवा.

अशा प्रकल्पांसाठी दिचोलीत खाणींनी उघड्या पाडलेल्या जमिनी आहेत आणि आमोण्याला 220 केव्ही उपकेंद्र आहे. पेडण्यात मोपा विमानतळाने आणि किनाऱ्यावरच्या पर्यटनाने विजेची भूक वाढवली आहे. ऊन दुपारचे आणि मागणी संध्याकाळची, ही फट बॅटरीने भरावी लागेल.

2050 पर्यंत शंभर टक्के अक्षय ऊर्जा, असे गोव्याचे ध्येय आहे. त्यासाठी वीज खात्याने प्रत्येक ट्रान्सफॉर्मरवर किती जागा शिल्लक आहे, हे जाहीर करावे आणि जिथे ती संपत आली तिथे आधीच क्षमता वाढवावी. वाचकांनीही पट्ट्यांचा दर विचारण्याआधी आपल्या ट्रान्सफॉर्मरची क्षमता विचारावी.